पंडिता रमाबाईंचा सोपा शब्द

गेल्या वर्षी मंडळाच्या कर्जफेडीची सूचना मी मोठ्या ऐटीत जड मराठीत लिहिली. शेजारच्या आजींनी मान डोलावली; पण त्यांना मुदत कळलीच नाही, आणि त्यांना दंड भरावा लागला. तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृत त्या आईवडिलांपाशीच शिकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले.

केडगावच्या मुक्ति सदनात त्यांना जाणवले, की बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर साध्या बायकांना जड जाते. मग त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मूळ वचनावरून त्यांनी नवे भाषांतर केले, आणि एवढ्या संस्कृतज्ञ असूनही खेड्यातील बाईला कळेल असाच शब्द निवडला. छपाईचे कामही तिथल्या स्त्रियांनीच केले. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले.

धर्म ज्याचा त्याचा. पण हा धडा आपणा सर्वांचा. आता प्रत्येक सूचना मी आधी त्या आजींना मालवणीत सांगते. त्यांना कळली, तरच ती फळ्यावर लावते.