मनात अढी नाही

मुलांनो, महात्मा गांधींचे नाव तुम्ही पहिली-दुसरीपासून ऐकत आला आहात. त्यांनी मिठाचा कायदा मोडला, चरखा चालवला, हे तुम्हांला पाठच असेल. म्हणून ते येथे पुन्हा सांगत नाही. ज्यांनी गांधीजींना मारले त्यांच्याशी ते कसे वागले, आणि स्वतःच्या हातून चूक झाली तेव्हा त्यांनी काय केले, एवढेच या पाठात वाचा.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. त्यांचे वडील करमचंद गांधी हे आधी पोरबंदरचे आणि नंतर राजकोटचे दिवाण होते. मोहनदास पंधरा वर्षांचा असताना त्याच्या मोठ्या भावावर सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले. भावाच्या दंडात सोन्याचे कडे होते. मोहनदासने त्यातला थोडासा तुकडा कापला आणि तो विकून कर्ज फेडले. कोणाच्या लक्षातही आले नाही. पण त्याला स्वस्थता मिळेना. तोंडाने सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून त्याने सारे कागदावर लिहिले. मला योग्य ती शिक्षा करा, पण माझ्यासाठी स्वतःला त्रास करून घेऊ नका, आणि मी पुन्हा कधी चोरी करणार नाही, असे त्या चिठ्ठीत होते.

वडील तेव्हा आजारी होते. लाकडी फळीवर पडून असत. मोहनदासने कापऱ्या हातांनी चिठ्ठी दिली आणि तो समोर बसला. तुम्ही त्याच्या जागी असतां तर कशाची वाट पाहिली असती? रागावण्याची, कदाचित मारण्याची. त्यानेही तीच वाट पाहिली. वडील उठून बसले. त्यांनी चिठ्ठी वाचली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, मग चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही बोलले नाहीत. मोहनदासही रडला. त्या अश्रूंनी आपल्याला धुऊन काढले, असे त्यांना म्हातारपणीही वाटत असे.

पुढे १८८५ साली वडील वारले. त्या रात्री मोहनदास त्यांचे पाय चेपत होता. काकांनी त्याला झोपायला पाठवले. तो खोलीत गेला आणि थोड्याच मिनिटांत वडिलांचा प्राण गेला. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही गोष्ट गांधीजींना जन्मभर सलत राहिली. चोरी वडिलांनी माफ केली होती. ही चूक माफ करायला वडीलच उरले नव्हते. स्वतःला माफ करणे दुसऱ्याला माफ करण्याहून अवघड असते, हे तुम्हांला येथे दिसेल.

१८९३ साली गांधीजी वकील म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. पोरबंदरचे एक मेमन व्यापारी दादा अब्दुल्ला यांची दरबान शहरात मोठी पेढी होती. तिच्या एका दाव्याच्या कामासाठी त्यांना बोलावले होते. काम एका वर्षाचे होते, पण तेथील हिंदी लोकांचे हाल पाहून ते राहिले. १८९६ साली ते काही महिने भारतात आले आणि त्या हालांविषयी त्यांनी एक पुस्तिका छापली. तिचा सारांश तारेने परदेशी गेला, तोही अगदी तोकडा आणि चुकीचा. तो वाचून दरबानचे गोरे लोक खवळले. गांधी आपली बदनामी करतात आणि दोन जहाजे भरून हिंदी माणसे आणतात, अशी आवई उठली. जहाजे बंदरात आली, पण तेवीस दिवस कोणाला उतरू दिले नाही. मुंबईत प्लेग आहे, हे कारण सांगितले गेले.

१३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले. बरोबर लॉटन नावाचे एक गोरे वकील होते. रस्त्यावर काही पोरांनी गांधीजींना ओळखले आणि ओरडा केला. बघता बघता गर्दी जमली. लॉटन यांना बाजूला ओढले गेले. मग दगड, विटांचे तुकडे आणि सडकी अंडी यांचा मारा सुरू झाला. कोणी पगडी हिसकावली, कोणी लाथा घातल्या. भोवळ येऊ लागली तेव्हा गांधीजींनी एका घराचे कठडे धरले. त्याच वेळी पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी तेथून चालल्या होत्या. ऊन नव्हते, तरी त्यांनी आपली छत्री उघडली आणि त्या गांधीजी व गर्दी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. बाईंना मारल्याशिवाय गांधीजींना मारता येईना. या शूर बाईंचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून ते तुम्ही लक्षात ठेवा.

पोलिसांनी गांधीजींना पारशी रुस्तमजी यांच्या घरी पोचवले. रात्री जमावाने ते घरही घेरले. मग अलेक्झांडरसाहेबांनी एक युक्ती केली. स्वतः गर्दीला गाण्यात गुंतवून ठेवले आणि गांधीजींना हिंदी शिपायाच्या वेषात मागून बाहेर काढले. डोक्याला मार लागू नये म्हणून गांधीजींनी एका थाळीवर फेटा गुंडाळला होता!

ही बातमी लंडनला गेली. मारेकऱ्यांवर खटला भरावा, अशी तार तेथील मंत्री चेंबरलेन यांनी पाठवली. मारणारे काही लोक ओळखता येण्याजोगे होते. गांधीजींनी फक्त होकार द्यायचा होता. त्यांनी नकार दिला आणि तो तेथल्या तेथे लिहून दिला. या लोकांना खोटी बातमी सांगितली गेली, ती खरी मानून ते भडकले. खरे काय ते कळले की त्यांनाच वाईट वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. तसेच घडले. खरी हकिकत छापून आल्यावर अनेक गोऱ्यांना आपल्या वागण्याची लाज वाटली.

पण गांधीजी घरीही असेच शांत होते, असे समजू नका. १८९८ च्या सुमारास दरबानला त्यांच्या घरी कचेरीतले कारकून राहत असत. त्यांच्या खोलीतले घाण भांडे कस्तुरबांनी साफ करावे, तेही हसतमुखाने, असा गांधीजींचा हट्ट होता. त्या रडत रडत करू लागल्या तेव्हा गांधीजींनी संतापून त्यांचा हात धरला आणि त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. या परक्या देशात मी कोठे जाऊ, काही लाज बाळगा, असे कस्तुरबांनी सुनावले. गांधीजी वरमले आणि त्यांनी फाटक बंद केले. येथे क्षमा करणाऱ्या कस्तुरबा होत्या. ही गोष्ट गांधीजींनी लपवली नाही. १९२५ पासून 'नवजीवन' साप्ताहिकात आत्मकथा छापली जात होती, तीत ती स्वतःच लिहिली. मोठा मुलगा हरिलाल याच्याशी आलेला दुरावा मात्र कधी पुरता मिटला नाही. थोर माणसांनाही सगळेच जमते असे नाही.

आता मीर आलमची गोष्ट ऐका. मीर आलम हा जोहान्सबर्गचा एक धिप्पाड पठाण, सहा फुटांहून उंच. तो गाद्या बनवून विकत असे. अडचण आली की सल्ल्याला गांधीजींकडेच येई. तेव्हा तेथील सरकारने हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा असा अपमानकारक कायदा केला होता. त्याविरुद्ध लढताना गांधीजी तुरुंगात गेले. १९०८ च्या जानेवारीत जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपखुशीने परवाने घ्यावेत आणि सरकारने कायदा रद्द करावा, असे ठरले. पठाणांना हा दगा वाटला. गांधीजींनी पंधरा हजार पौंड घेऊन कौमेला विकले, असा आरोप भर सभेत झाला. जो पहिला परवाना घ्यायला जाईल त्याला ठार मारू, अशी शपथही घेतली गेली. गांधीजींनी पहिला परवाना आपणच घेणार, असे सांगितले.

१० फेब्रुवारी १९०८ रोजी ते परवाना कचेरीकडे निघाले. इसप मियां आणि थंबी नायडू बरोबर होते. वाटेत मीर आलमने कोठे चाललात, असे विचारले. गांधीजी उत्तर देत होते, एवढ्यात डोक्यावर काठीचा तडाखा बसला. ते बेशुद्ध पडले. पडल्यावरही त्यांना मारले गेले. इसप मियां आणि नायडू मध्ये पडले, त्यांनाही मार बसला.

शुद्धीवर येताच गांधीजींनी मीर आलम कोठे आहे, असे विचारले. त्याला पकडले आहे, हे कळल्यावर त्याला सोडा, असे ते म्हणाले. जखमांना टाके पडलेले असतानाच त्यांनी सरकारी वकिलाला तार केली. या लोकांना आपण काही वाईट केले असे वाटत नाही, त्यांच्यावर खटला नको, असे त्यांनी कळवले. पठाण सुटले. पण भर रस्त्यात झालेला गुन्हा एकट्या गांधींचा नाही, अशी तक्रार गोऱ्या नागरिकांनी केली. मीर आलमला पुन्हा पकडले आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. गांधीजींची क्षमा त्याला तुरुंगातून वाचवू शकली नाही.

पुढे स्मट्स यांनी कायदा रद्द केला नाही. पठाणांची शंका अगदीच खोटी नव्हती, म्हणायची! लोकांनी परवाने जाळायचे ठरवले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात सभा भरली. दोन हजारांहून अधिक परवाने गोळा झाले आणि एका मोठ्या लोखंडी कढईत टाकले गेले. त्या सभेला मीर आलम आला होता. तुम्हांला मारले ही माझी चूक झाली, असे त्याने सर्वांसमोर सांगितले आणि आपला जुना परवाना जाळायला दिला. गांधीजींनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. माझ्या मनात तुझ्याविषयी कधीच अढी नव्हती, असे ते म्हणाले. सभेत आनंदाचा गजर झाला. मग कढईत रॉकेल ओतले गेले आणि ज्यांनी गांधीजींबरोबर मार खाल्ला होता, त्या इसप मियांनीच परवान्यांना काडी लावली.