जेम्स बॉण्ड वाचायला घेताय? मग आधी ऑफिसात बसून युद्ध लढलेल्या इयान फ्लेमिंगची गोष्ट वाचा

जेम्स बॉण्डचे पिक्चर आपण सगळ्यांनीच बघितलेत. पण पुस्तकं वाचायची म्हटली की प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करायची? याचं उत्तर लेखकाच्या आयुष्यात आहे.

इयान फ्लेमिंगचा जन्म २८ मे १९०८ चा, लंडनमधल्या श्रीमंत घरातला. नववा वाढदिवस आठ दिवसांवर असताना त्याचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे तो सॅण्डहर्स्टच्या लष्करी कॉलेजात गेला, पण अधिकारी न होताच बाहेर पडला. रॉयटर्समध्ये पत्रकारी जमली होती, तीही पैशासाठी सोडून तो बँकेत आणि मग शेअर दलालीत शिरला.

१९३९ मध्ये मात्र नशीब पालटलं. नौदलाच्या गुप्तचर विभागाचे प्रमुख जॉन गॉडफ्री यांनी त्याला आपला खास सहाय्यक म्हणून घेतलं. बॉण्डचा साहेब 'एम' बराचसा याच गॉडफ्रींवर बेतलाय, असं मानतात.

फ्लेमिंगचं काम होतं डोकं चालवण्याचं. जर्मनांची सांकेतिक पुस्तकं पळवण्याचा बेत त्याने आखला, पण तो रद्द झाला. शत्रूची कागदपत्रं हस्तगत करणारी कमांडो तुकडी उभी करण्यातही त्याचा हात होता. पण १९४२ च्या डिएप हल्ल्यात तो स्वतः किनाऱ्यावर उतरला नाही, समुद्रात जहाजावरून बघत राहिला. इतकी गुपितं माहिती असलेला माणूस शत्रूच्या हाती लागणं परवडणारं नव्हतं.

युद्ध संपलं, तेव्हा तो कमांडर होता. बॉण्डचा हुद्दाही तोच.

१९५२ मध्ये, लग्नाच्या तोंडावर, जमैकातल्या आपल्या 'गोल्डनआय' बंगल्यात त्याने पहिली कादंबरी लिहायला घेतली. नायकाचं नाव घेतलं एका पक्षीतज्ज्ञाचं. १९५३ मध्ये 'कसिनो रोयाल' आली आणि मग दरवर्षी एक पुस्तक येत गेलं. एकूण १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह.

तर सुरुवात 'कसिनो रोयाल'पासूनच करा. पिक्चरच्या क्रमावर जाऊ नका. पहिला पिक्चर 'डॉक्टर नो' १९६२ चा, पण ते पुस्तक सहावं. त्याच्या आधी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' वाचलंच पाहिजे, कारण त्याचा शेवट 'डॉक्टर नो'त पुढे जातो. 'थंडरबॉल', 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' ही तीन याच क्रमाने वाचा. पिक्चरवाल्यांनी शेवटच्या दोघांचा क्रम उलटा केलाय, त्यामुळे बॉण्डचं दुःख तिथे नीट कळत नाही.

१९६१ मध्ये फ्लेमिंगला हृदयविकाराचा झटका आला. सक्तीच्या विश्रांतीत त्याने मुलासाठी 'चिट्टी चिट्टी बँग बँग' ही गोष्ट लिहिली. १२ ऑगस्ट १९६४ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. त्या दिवशी त्याच मुलाचा बारावा वाढदिवस होता.