र. धों. कर्वे : नको असलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा संपादक

(जयंती विशेष)

मुंबई, १४ जानेवारी : समलिंगी आकर्षणाचा उच्चारही पाप मानला जात होता, त्या काळात एका मराठी मासिकाचा संपादक या विषयावरील वाचकांच्या शंकांना शास्त्राच्या आधारे छापील उत्तरे देत होता. त्यासाठी त्याला न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहावे लागले, दंड भरावा लागला. ‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथ धोंडो कर्वे यांची आज जयंती. संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तथापि, लैंगिक अल्पसंख्याकांच्या समान हक्कांच्या लढ्याचा भारतातील इतिहास लिहिताना ज्या नावापासून आरंभ करता येईल, असेही ते एक नाव आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले पुत्र. त्यांच्या लहानपणीच १८९१ मध्ये आई राधाबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी महर्षींनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. रूढीविरुद्ध वागणाऱ्याला समाज कशी शिक्षा करतो, याचा पहिला धडा रघुनाथरावांना वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी घरातच मिळाला.

विद्यार्थी म्हणून ते असामान्य होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा मार्ग पत्करला. अधिक अभ्यासासाठी ते फ्रान्सलाही जाऊन आले. फ्रेंच भाषेवरील प्रभुत्वामुळे युरोपात कामशास्त्रावर होत असलेले नवे संशोधन त्यांना मुळातून वाचता आले. गणिती शिस्त आणि पुराव्याचा आग्रह ही त्यांच्या लेखनाची दोन कायमची लक्षणे ठरली.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. म्हैसूर संस्थानाने आपल्या रुग्णालयांत अशी सरकारी केंद्रे सुरू करण्याचा निर्णय १९३० मध्ये घेतला. कर्वे यांनी मात्र कोणत्याही राजाश्रयावाचून हे काम आरंभले होते. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग, हे महात्मा गांधींचे मत त्यांना मान्य नव्हते आणि हा मतभेद ते उघडपणे मांडत. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. मिशनरी व्यवस्थापनाला हे कार्य रुचले नाही. नोकरी आणि कार्य यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

या निर्णयाचा भार पत्नी मालतीबाईंनीही तेवढ्याच खंबीरपणे उचलला. आपल्याला अपत्य नको, असा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. संसाराची ओढाताण आणि लोकनिंदा सोसत मालतीबाईंनी अखेरपर्यंत साथ दिली.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. विवाह, व्यभिचार, वेश्याव्यवसाय, गुप्तरोग, स्त्रीचे कामसुख असे विषय या मासिकाने आडपडदा न ठेवता चर्चेला घेतले. मासिकाचा प्राण होता तो वाचकांचा पत्रव्यवहार. जे प्रश्न घरात विचारता येत नव्हते, वैद्यांपुढे मांडण्याची लाज वाटत होती, ते लोक पत्राने कर्वे यांना विचारत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीही विचारणा होई. कर्वे नीतीचा उपदेश करीत नसत. एखाद्या वर्तनाने कोणाची हानी होते का, हा त्यांचा निकष असे. ज्यात कोणावर बळजबरी नाही आणि कोणाचे नुकसान नाही, त्यात समाजाने नाक खुपसू नये, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका किती धाडसाची होती, हे तत्कालीन कायदा पाहिला म्हणजे उमगते. ब्रिटिशांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध निसर्गविरुद्ध ठरत आणि त्यांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकत असे. खुद्द इंग्लंडमध्ये हॅवलॉक एलिस यांच्या समलिंगी आकर्षणावरील ग्रंथाच्या विक्रीवरून १८९८ मध्ये खटला झाला होता. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी उभारलेली कामविज्ञान संस्था मे १९३३ मध्ये नाझींनी लुटली आणि तेथील ग्रंथांची होळी केली.

मुंबईत ग्रंथ जाळले गेले नाहीत, पण खटले मात्र झाले. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल पुण्यातील सनातनी मंडळींनी १९३१ मध्ये कर्वे यांना न्यायालयात खेचले. त्यात त्यांना १०० रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या खेपेस आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर.

या खटल्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदांचे पर्व नुकतेच संपले होते. दलितांच्या हक्कांचा लढा चालविणाऱ्या या नेत्याने समाजाला अप्रिय असलेल्या संपादकाची बाजू घ्यावी, हे अनेकांना अनाकलनीय वाटले असेल. बाबासाहेबांची दिशा मात्र स्पष्ट होती. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. लोकांचे प्रश्न विकृत आहेत म्हणून ते छापूच नयेत, या आक्षेपाला त्यांनी ज्ञानाचे उत्तर दिले. विकृती असेलच तर ती अज्ञान राखून नव्हे, ज्ञान देऊन दूर होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला आणि ज्यांच्या ठायी ही प्रवृत्ती उपजत आहे, त्यांना दोषी मानता येणार नाही, असे प्रतिपादन केले.

न्यायालयाला हे पटले नाही. एप्रिल १९३४ मध्ये निकाल विरोधात गेला आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. पण या दोघांनीही तो विषय सोडला नाही. कर्वे यांचे मासिक चालूच राहिले. आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तोही फेटाळला गेला.

कर्वे यांचे सर्वच विचार आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. सुप्रजननशास्त्राच्या तत्कालीन कल्पनांची छाया त्यांच्या लेखनावर होती. समलिंगी व्यक्तींची संघटना वा चळवळ त्यांनी उभारली नाही. त्यांनी केले ते त्याआधीचे काम : तिरस्काराच्या विषयाला शास्त्राचा विषय बनविले आणि एकाकी पत्रलेखकाला आपण अपराधी नाही, असा दिलासा दिला.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. तोट्यात चालणारे मासिक रघुनाथरावांनी पदरमोड करून तब्बल सव्वीस वर्षे चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पंचाण्णव वर्षांचे महर्षी कर्वे हयात होते. पित्याला १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले; पुत्राच्या वाट्याला हयातीत दंड आणि उपहासच आला. त्यांच्या जीवनावरील ‘ध्यासपर्व’ हा अमोल पालेकर दिग्दर्शित चित्रपट यायला २००१ साल उजाडले.

न्यायालयात हरलेला तो युक्तिवाद दीर्घकाळाने विजयी झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरविला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, बंगळुरूचे के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि पुढील वाट मोकळी झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने असे संबंध गुन्हा नसल्याचा निर्वाळा दिला. १९३४ च्या त्या निकालानंतर चौऱ्याऐंशी वर्षे उलटली होती.

लढा अद्याप संपलेला नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. घरातून हाकलले जाणे, नोकरीत डावलले जाणे, भाड्याने घर न मिळणे हे अनुभव आजही अनेकांच्या वाट्याला येतात. कायद्याने भीती कमी केली, लाज मात्र समाजानेच दूर करावयाची आहे. ती दूर करण्यासाठी रघुनाथरावांनी अवलंबिलेला मार्ग आजही उपयोगाचा आहे. कोणी प्रश्न विचारला, तर त्याला हिणवू नये. जे ठाऊक आहे, ते स्पष्ट शब्दांत सांगावे.