उद्यान आणि नगर : सर पॅट्रिक गेडिस ह्यांचे चरित्र

वनस्पतिशास्त्र जाणणारा मनुष्य बहुधा प्रयोगशाळेत सापडतो. बागा आखणारा श्रीमंतांच्या बंगल्यांभोवती सापडतो. आणि नगराची रचना करणारा इंजिनियर नकाशावर पट्टी ठेवून रेघा ओढीत बसलेला आढळतो. ह्या तिन्ही विद्या एकाच पुरुषाच्या ठायी एकवटल्या आणि त्याने त्या गरिबांच्या गल्लीबोळांत नेऊन राबविल्या, तर काय घडते, हे पाहावयाचे असेल त्याने सर पॅट्रिक गेडिस ह्यांचे चरित्र वाचावे. ते जन्माने स्कॉटिश. परंतु १९१४ ते १९२४ ह्या दहा वर्षांतील त्यांचा बराचसा काळ हिंदुस्थानात गेला, आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे ते मुंबई विश्वविद्यालयाचे प्राध्यापक होते. तेव्हा हे चरित्र आमच्या वाचकांस परके वाटू नये.

गेडिस ह्यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलेटर ह्या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. वडील लष्करात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळील एका टेकडीच्या उतारावरील लहानशा घरी राहावयास आले. घर धर्मशील प्रेस्बिटेरियन वळणाचे होते. घराभोवती बाग होती, आणि ह्या बागेत वडिलांच्या हाताखाली मुलाने माती, बी व रोप ह्यांचे पहिले धडे घेतले. टेकडीवरून खाली पाहिले की नदी, शेते, राने आणि शहर ही सर्व एकाच दृष्टिक्षेपात येत. पुढे जन्मभर त्यांनी जो विचार शिकविला, म्हणजे शहर हे आपल्या नदीखोऱ्याचे अपत्य आहे, त्याचे बीज ह्या टेकडीवरच पडले असावे असे आम्हांस वाटते.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी सुमारे दीड वर्ष बँकेत नोकरी केली. नंतर १८७४ साली वनस्पतिशास्त्र शिकण्याकरिता ते एडिंबरोच्या विश्वविद्यालयात गेले, परंतु तेथील शिक्षणाची रीत न रुचल्यामुळे एका आठवड्यातच त्यांनी ते सोडले. तेथून ते लंडनला प्रख्यात जीवशास्त्रज्ञ हक्स्ले ह्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या हाताखाली काही वर्षे राहिले. पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ येथे समुद्रातील जीवांचे निरीक्षण करण्याची संधी त्यांस मिळाली. १८८२ साली त्यांनी एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. काही सागरी प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म पिवळ्या पेशी आढळतात. त्या पेशी म्हणजे स्वतंत्र वनस्पती असून प्राणी त्यांस आश्रय देतो आणि त्या प्राण्यास प्राणवायू व अन्न पुरवितात, असे त्यांनी दाखविले. जीवसृष्टीत झुंज आहे खरी, पण सहकार्यही आहे, आणि ते झुंजीहून कमी महत्त्वाचे नाही, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा बनली. आज ज्यास पर्यावरणशास्त्र म्हणतात त्या शास्त्राचा हाच गाभा होय.

परंतु ह्याच्या आधीच त्यांच्यावर एक मोठे संकट येऊन गेले होते. १८७९ साली ते संशोधनाकरिता मेक्सिको देशात गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी गेली. वयाच्या पंचविशीत, परक्या देशात, डोळे बांधून अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे पडून राहण्याची पाळी आली. एके दिवशी चाचपडता चाचपडता त्यांच्या बोटांस खिडकीची तावदाने लागली. त्या चौकटींवर बोटे फिरवीत, एकेका घरात एकेक कल्पना ठेवावी आणि त्यांचे परस्परसंबंध जुळवावे, असा खेळ त्यांनी आरंभिला. पुढे कागदाच्या घड्या घालून असे चौकोन पाडावयाचे आणि त्यांत स्थळ, काम व लोक ह्यांचे नाते मांडावयाचे, ही त्यांच्या विचाराची कायमची रीत झाली. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रावर तासन् तास बसण्याइतकी शक्ती डोळ्यांत राहिली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाचे मुख्य हत्यारच हातातून गळून पडले. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. गेडिस ह्यांनी मात्र सूक्ष्माकडून आपली दृष्टी विशालाकडे वळविली, आणि पेशीच्या जागी नगराचे निरीक्षण आरंभिले.

१८८६ साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन ह्या सुशील व कर्तृत्ववान स्त्रीशी झाला. एडिंबरोच्या जुन्या भागात त्या काळी दारिद्र्य, घाण व रोगराई ह्यांची वस्ती होती, आणि सुखवस्तू कुटुंबे केव्हाच नव्या भागात निघून गेली होती. ह्या नवदांपत्याने सर्वांच्या उलट वाट धरली. १८८७ साली त्यांनी जेम्स कोर्ट नावाच्या जुन्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांस व्याख्याने न देता त्यांनी झाडलोट, चुना आणि रंग ह्यांस हात घातला आणि खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारीही कामास लागले. पडकी घरे तेवढी काढावी, बाकीची दुरुस्त करावी, अंगणे मोकळी करावी आणि तेथे झाडे लावावी, अशी ही पद्धती होती. ज्याप्रमाणे कुशल शस्त्रवैद्य रोगट भाग तेवढा कापतो आणि सबंध अवयव तोडीत नाही, तद्वत् हे होते. विद्यार्थ्यांकरिता त्यांनी वसतिगृहेही काढली, आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती सोपविला.

१८८८ साली डंडी येथील कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९१९ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. अध्यापन उन्हाळ्याच्या सत्रापुरतेच असल्यामुळे उरलेले वर्ष इतर कार्यास मोकळे मिळे. १८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक उंच मनोरा हाती घेतला, आणि त्यात एक विलक्षण संग्रहालय उभारिले. पाहुण्यास प्रथम माथ्यावर नेऊन सबंध नगर व भोवतालचा मुलूख दाखवावयाचा. मग एकेक मजला उतरत आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग युरोप आणि शेवटी सर्व जग, असा क्रम होता. आपले गाव आधी डोळ्यांनी पाहा, मग जगाचा विचार करा, असा त्याचा अर्थ. ह्याच काळात त्यांनी नदीखोऱ्याचे प्रसिद्ध चित्र मांडले. डोंगरमाथ्यावर खाणकामगार, खाली लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, मग शेतकरी आणि समुद्रकाठी कोळी. जमीन जशी उतरते तसे धंदे बदलतात आणि माणसांचे स्वभावही बदलतात, हे त्या एका चित्रात दिसते.

ब्रिटनमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट हे नामाभिधान धारण करणाऱ्या पहिल्या थोड्या लोकांत गेडिस ह्यांची गणना होते. कार्नेगी ह्यांच्या देणगीतून डनफर्मलिन येथे व्हावयाच्या उद्यानाचा त्यांनी १९०४ साली विस्तृत आराखडा प्रसिद्ध केला. त्यात फुलांचे ताटवे तर होतेच, परंतु गावचा दूषित ओढा शुद्ध करण्याचा विचारही होता. तो आराखडा मान्य झाला नाही. तथापि एडिंबरोच्या जुन्या भागात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसाड जागांची पाहणी केली, तेव्हा अशा ७६ जागा आढळल्या, आणि त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १० एकर भरले. कचऱ्याने भरलेल्या ह्या कोपऱ्यांपैकी काहींच्या बागा झाल्या, आणि त्या कामाची धुरा त्यांची कन्या नोरा हिने वाहिली. वेस्ट पोर्ट येथील त्या काळची एक बाग अद्यापि विद्यमान आहे.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानास निघाले. बरोबर पुत्र ॲलेस्टर होता. अनेक वर्षे जमविलेले नकाशे, चित्रे व आराखडे ह्यांचे नगररचना-प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडविले आणि सर्व संग्रह तळाशी गेला. गेडिस ह्यांनी परतीचा विचार केला नाही. स्वदेशी मित्रांस पत्रे लिहिली. त्यांनी धावपळ करून नवा संग्रह पाठविला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरले.

पुढील काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातील सुमारे पन्नास गावांवर अहवाल लिहिले. त्यांत तंजावर, मदुरा, बडोदे, लाहोर आणि लखनौ ही नगरे होती, आणि आपल्या प्रांतातील ठाणेही होते. त्यांची रीत अशी की, आधी दिवसेंदिवस पायी हिंडावयाचे. कोठल्या विहिरीवर बाया जमतात, कोणत्या झाडाखाली मुले खेळतात, देवळापुढील चौक कसा वापरला जातो, हे पाहिल्यावाचून ते कागदावर रेघ ओढीत नसत. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि शेकडो कुटुंबांस बेघर करावयाचे, ही तत्कालीन पद्धती त्यांस क्रूर व खर्चिक वाटे. एखादे पडके घर काढून त्या जागी झाडाखाली चौक केला, तर थोडक्या पैशांत हवा, उजेड व विसावा मिळतो, असे ते दाखवून देत. हिवतापाच्या भीतीने गावोगावचे तलाव बुजविण्याचा घाट घातला जाई. तलाव हवेस थंडावा देतो, पावसाचे पाणी साठवितो. तो स्वच्छ ठेवा आणि त्यात मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातील, असा त्यांचा उपाय होता. आज ज्या गावांनी आपले तलाव बुजविले आहेत, आणि जेथे पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यांवर पाणी तुंबते, तेथील नागरिकांस ह्या सल्ल्याची किंमत सांगावयास नको.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील काळरात्र ठरले. एप्रिल महिन्यात ॲलेस्टर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई हिंदुस्थानातच आजारी पडल्या होत्या. पुत्राच्या मृत्यूची वार्ता त्यांस सहन होणार नाही म्हणून गेडिस ह्यांनी ती मनातच दाबून ठेविली, आणि जून महिन्यात त्याही निवर्तल्या. दोन महिन्यांत पुत्र गेला आणि एकतीस वर्षांची सहधर्मचारिणी गेली. अशा शोकात बुडालेल्या मनुष्याने काय करावे? गेडिस ह्यांनी जे केले ते इंदूरच्या इतिहासात नमूद आहे.

तुकोजीराव होळकरांच्या राज्यात, इंदूर नगरीत, प्लेगचे थैमान चालू होते. नगरसुधारणेच्या कामाकरिता गेडिस तेथे आले होते. लोक नव्या माणसाकडे संशयाने पाहत. तेव्हा गेडिस ह्यांनी महाराजांकडे एका दिवसापुरता अधिकार मागितला, आणि दिवाळीची मिरवणूक आपण काढू असे सांगितले. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व नीटनेटकी असतील त्याच रस्त्यांवरून जाईल, अशी दवंडी पिटली गेली. सारे शहर झाडू, चुना आणि रंग घेऊन कामास लागले. कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. आणि त्यांच्या मागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले, फुलांनी सजविलेले झाडू घेतलेले नगराचे झाडूवाले मानाने चालले होते. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांस त्या दिवशी सर्व शहराने उत्सवात अग्रमान घेताना पाहिले. घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी घाणीच्या राक्षसाचे दहन झाले. प्लेगची साथ ओसरली, आणि पाहुण्याविषयीचा संशयही ओसरला. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्या शोकाची कहाणी त्यांनी त्या लोकांपुढे मांडली नाही. स्वतःचे घर उजाड झालेल्या मनुष्याने दुसऱ्यांची घरे झाडून उजळविली.

१९१९ साली मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्यांचे अध्यासन निर्माण झाले, आणि त्यावर गेडिस ह्यांची योजना झाली. पुढे समाजशास्त्रात मोठे नाव मिळविणारे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांस विलायतेस उच्च शिक्षणाकरिता पाठविण्याची शिफारस गेडिस ह्यांचीच, आणि १९२४ नंतर त्यांचे कार्य चालविले तेही घुर्ये ह्यांनीच. वनस्पतींच्या संवेदनांचा शोध घेणाऱ्या जगदीशचंद्र बोस ह्यांचे चरित्र गेडिस ह्यांनी १९२० साली लिहिले. प्रकृती बिघडल्यामुळे १९२४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९२५ साली त्यांनी तेल अवीव ह्या नव्या नगराचा आराखडा केला. त्यात घरांच्या समूहांमध्ये बागा व मोकळी मैदाने योजिली होती. त्या आराखड्यावर वाढलेला भाग २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी विद्यालय व उद्यान उभारण्यात घालविली. १९३२ साली त्यांस सर हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या ठायी उणिवा नव्हत्या असे नाही. त्यांचे लेखन क्लिष्ट असे. आरंभिलेली कामे अर्धवट टाकून ते नव्या कामामागे धावत. पैशाच्या व्यवहारात ते वारंवार अडचणीत येत आणि मित्रांस त्यांचा भार वाहावा लागे. त्यांचे कित्येक अहवाल कचेऱ्यांच्या कपाटांत धूळ खात पडले. बाळपणच्या धर्ममतांपासूनही ते पुढे दूर गेले. परंतु मनुष्यास प्रथम जे काम नेमून दिले गेले ते बागेची मशागत व राखण करण्याचे होते, असे पवित्र शास्त्रावरून आपणांस ठाऊक आहे. आणि ते काम गेडिस ह्यांनी ज्या निष्ठेने केले त्या निष्ठेने ते करणारे आम्हां विश्वासणाऱ्यांतही थोडेच सापडतील.

विद्यार्थिमित्रहो, हिरव्या पानावाचून ह्या पृथ्वीवर अन्नाचा कण निर्माण होत नाही आणि नाण्यांच्या राशी खाऊन कोणी जगत नाही, हे गेडिस आपल्या शिष्यांस परोपरीने सांगत. तुमच्या आळीत, वाडीत अथवा चाळीमागे कचऱ्याने भरलेला एखादा कोपरा खचित असेल. तो कोणाचा, पाणी तेथे कोठून येते व कोठे जाते, तेथे पूर्वी कोणते झाड होते, हे घरातील वडील माणसांस विचारा आणि वहीत नोंदा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने हाती झाडू घेतला तर अभ्यास बुडाला असे समजू नये. एडिंबरोच्या एका गलिच्छ चाळीत पतिपत्नींनी जो अभ्यास आरंभिला, तो ह्याहून निराळा नव्हता.