ठगांचा बंदोबस्त आणि स्लीमनचा वारसा

संघटित गुन्हेगारीपुढे केवळ शूर शिपाई पुरत नाहीत, हे भारतात ज्याने राज्यकर्त्यांना पटवून दिले, तो विल्यम हेन्री स्लीमन. १७८८ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात जन्मलेला हा लष्करी अधिकारी १८२२ मध्ये नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती, हे त्याला कळले ते पुष्कळ वर्षांनी.

ठग वाटसरूंचा विश्वास संपादून निर्जन स्थळी त्यांचा गळा आवळीत आणि प्रेते पुरून टाकीत. फिर्याद करावयास कोणी उरतच नसे. शिवाय घर एका राज्यात, तर गुन्हा दुसऱ्यात. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला गोरेगावचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाणारा वाटसरू मात्र वाटेत कंपनीच्या हद्दीत शिरे. अशा सरहद्दी हेच ठगांचे अभयस्थान. या धंद्याला भांडवलही मिळे : सावकार आगाऊ रक्कम देत, जमीनदार वाटा घेऊन आश्रय देत.

स्लीमनने या व्यवहाराचे दप्तर उभे केले. १८३० मध्ये हाती लागलेल्या फिरंगिया या नायकाला त्याने माफीचा साक्षीदार केले, जबान्या परस्परांशी ताडल्या, प्रेते उकरून काढली, टोळ्यांच्या वंशावळी लिहिल्या. १८३५ मध्ये तो ठगीविरोधी मोहिमेचा मुख्य अधिकारी झाला. १८३९ मध्ये दरोडेखोरीचा बंदोबस्तही त्याच्याकडे आला. सरहद्द ओलांडून तपास करणारे हे खाते १९०४ पर्यंत टिकले.

या यशाची किंमतही मोठी होती. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप ठरली. स्वतःचा जीव वाचवू पाहणाऱ्याची साक्ष इतरांच्या फाशीस आधार झाली. वंशावळींतून गुन्हा रक्तात असल्याची समजूत बळावली. १८५६ मध्ये स्वदेशी परतताना सिंहलद्वीपाजवळ स्लीमनचा समुद्रावरच अंत झाला. पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला १९५२ मध्ये.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातही टोळीचे सदस्यत्व हा गुन्हा आहे. मात्र खटल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. हे बंधन तपासातील अडथळा नव्हे. टोळी मोडावी, पण माणसाचा न्याय त्याच्या कृत्यावरून व्हावा, जन्मावरून नव्हे, हाच स्लीमनच्या चरित्राचा बोध होय.