मुठीतली विद्या मोकळी करणारे पंडित भातखंडे

तथागतांनी आचार्यमुष्टी, म्हणजे विद्या मुठीत झाकून ठेवण्याची रीत, नाकारली. संगीताच्या क्षेत्रात ती मूठ उघडणारे म्हणून आम्ही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण करतो.

१८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्या काळी रागविद्या बहुतांशी घराण्यांत बंदिस्त होती; पुत्रांना व निवडक शिष्यांनाच ती लाभे. पत्नी व कन्या यांच्या वियोगानंतर त्यांनी स्वतःस संगीतालाच वाहून घेतले. देशभर फिरून ग्रंथ धुंडाळले, उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा शास्त्रग्रंथ तर त्यांनी मराठीत लिहिला.

१९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी लखनौस मॅरिस कॉलेज उभे राहिले. गुरुमुखातील सारे बारकावे लिपीत मावत नाहीत, हा आक्षेप खराच. परंतु बंद दार त्या लिपीनेच उघडले. १९३६ मध्ये ते निवर्तले. आज ती संस्था त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. संगीतशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना त्यासाठी घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही, हे त्यांचे ऋण आम्ही मानतो.