सॅम कुक आणि गाण्यातून कापलेले कडवे

एखादे गाणे लोकप्रिय झाले की ते कोणाचे आहे हे लोक विसरतात. ते कशाबद्दल आहे हे तर त्याहूनही लवकर विसरतात. सॅम कुक यांचे 'अ चेंज इज गॉना कम' हे गाणे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे गाणे म्हणून त्याला जगभर मान आहे. परंतु हे गाणे एकाच रूपात बाजारात आलेले नाही. एका आवृत्तीत एक कडवे आहे, दुसरीत ते नाही. मूळ दस्त आणि त्याची नक्कल ओळीओळीने ताडून पाहणे हा वकिलाचा रोजचा उद्योग. त्याच नजरेने या गाण्याकडे आणि ते लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्याकडे पाहिले पाहिजे.

सॅम कुक यांचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला. हा कापसाच्या मळ्यांचा मुलूख. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण वर्णभेद कायद्यानेच चालू होता. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९३३ मध्ये हे कुटुंब दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे गाव सोडून शिकागोला आले. सॅम लहानपणी भावंडांबरोबर चर्चमध्ये गात. १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, 'सोल स्टिरर्स' या नामवंत भक्तिसंगीत मंडळींनी त्यांना मुख्य गायक म्हणून घेतले.

भक्तिगीते गाणाऱ्याने प्रेमगीते गायली की चर्चचा श्रोता त्याला वाळीत टाकी. म्हणून १९५६ मध्ये कुक यांनी पहिले लौकिक गाणे 'डेल कुक' या टोपणनावाने काढले. आवाज मात्र लपला नाही. १९५७ मध्ये 'यू सेंड मी' हे गाणे त्यांनी स्वतःच्या नावाने काढले आणि ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चर्चमधील आर्त गायकी आणि रस्त्यावरचे जगणे यांचा जो संगम पुढे 'सोल' संगीत म्हणून ओळखला गेला, त्याच्या पाया घालणाऱ्यांत सॅम कुक यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

पण हा माणूस केवळ गोड गळ्याचा गायक नव्हता. कृष्णवर्णीय कलावंत गातो आणि पैसा दुसराच कोणी नेतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. गाण्याच्या धंद्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक गाण्याच्या शब्द-चालीचा हक्क, दुसरा ध्वनिमुद्रणाचा हक्क. बहुतेक कलावंतांकडे यांपैकी काहीच उरत नसे. कुक यांनी जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्याबरोबर 'कॅग्ज म्युझिक' ही प्रकाशन कंपनी चालवली आणि १९५९ मध्ये 'एसएआर रेकॉर्ड्स' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी उभी केली. बॉबी वोमॅक व त्यांचे भाऊ, जॉनी टेलर असे गायक या कंपनीतून पुढे आले. आपला गळा विकावा लागला तरी आपली सही कोणत्या कागदावर आहे हे पाहावे, ही जाणीव त्या काळी फार थोड्यांना होती.

स्वाभिमानाचा प्रश्न आला तेव्हाही ते मागे हटले नाहीत. १९६१ मध्ये मेम्फिस शहरात कृष्णवर्णीय श्रोत्यांना वेगळे बसवण्याची व्यवस्था केली होती. कुक आणि क्लाइड मॅकफॅटर यांनी तेथे गाण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे त्यांनी आधी खोल्या राखून ठेवल्या होत्या. काळा चेहरा पाहताच मोटेलमध्ये जागा नसल्याचे सांगण्यात आले. त्यांनी वाद घातला. परिणामी शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली ती कुक यांनाच! बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून कसे बाहेर काढले गेले, हे माहीत असलेल्या वाचकाला यातला डंख समजावून सांगावा लागणार नाही. या अटकेबद्दल श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी.

१९६३ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचेही होते. जून महिन्यात त्यांचा तान्हा मुलगा व्हिन्सेंट घरच्या जलतरण तलावात बुडून गेला. त्याच वर्षी बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचे 'ब्लोइन इन द विंड' हे गाणे त्यांच्या ऐकण्यात आले. वर्णद्वेषावर असे गाणे एक गोरा मुलगा लिहितो आणि आपण लिहिलेले नाही, याची खंत त्यांना वाटली असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. या सगळ्यातून 'अ चेंज इज गॉना कम' जन्मले. ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडमधील आरसीए स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले. रेने हॉल यांनी वाद्यमेळ रचला. त्यात व्हायोलिनांचा ताफा होता, फ्रेंच हॉर्न होता, टिंपनीचे नगारे होते. त्याआधी कुक यांच्या कोणत्याही गाण्याला असे भव्य, गंभीर रूप मिळाले नव्हते.

७ फेब्रुवारी १९६४ रोजी जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी ते गायले. त्या कार्यक्रमाची टेप जतनच केली गेली नाही. अवघ्या दोन दिवसांनी बीटल्स मंडळी एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात गायली आणि तो कार्यक्रम जगाला आजही पाहता येतो. कोणाचा इतिहास जपला जातो आणि कोणाचा पुसला जातो, याचा हा लहानसा पण बोलका दाखला!

आता आवृत्त्यांकडे वळू. १९६४ च्या सुरुवातीला 'एन्ट दॅट गुड न्यूज' ही लाँग प्ले तबकडी निघाली. तीत हे गाणे पूर्ण आहे. त्यातील तिसरे कडवे चित्रपटगृहाचे आणि शहराच्या मध्यवस्तीचे आहे. तेथे जावे तर येथे रेंगाळू नकोस असे सुनावले जाते, असा त्याचा आशय आहे. बाकीच्या कडव्यांत नदीकाठचा जन्म आहे, मृत्यूचे भय आहे, मदत मागावी तर पुन्हा गुडघ्यावर आणणारा माणूस आहे. ती दुःखे कोणाही माणसाची असू शकतात. चित्रपटगृहाच्या दारातून हाकलले जाणे मात्र कृष्णवर्णीयाच्याच वाट्याचे होते. तेच या गाण्यातले थेट आरोपपत्र होय.

११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलमध्ये व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने सॅम कुक यांचा मृत्यू झाला. वय फक्त ३३. मृत्युचौकशीच्या ज्यूरीने ते कृत्य समर्थनीय ठरवले. कुटुंबीयांचे आणि चाहत्यांचे त्या निष्कर्षाने कधीच समाधान झाले नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, हे गाणे 'शेक' या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूवर छोट्या तबकडीत निघाले. रेडिओसाठी लांबी कमी करायची म्हणून त्यातून एक कडवे काढले गेले. कोणते? तेच, चित्रपटगृहाचे!

आता तारखा पाहा. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेचा नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाने हॉटेले, खाणावळी आणि चित्रपटगृहे यांतील भेदभाव बेकायदा ठरवला. अटलांटातील एका मोटेलने त्याला आव्हान दिले. कुक यांच्या मृत्यूनंतर तीनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. म्हणजे जो अन्याय संसदेने आणि न्यायालयाने मान्य केला, त्याचाच उल्लेख त्याच महिन्यात रेडिओवरच्या गाण्यातून गायब होता. कापणाऱ्याचा हेतू काय होता यावर पुराव्याविना बोलणे योग्य नाही. परंतु परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. ही कापलेली आवृत्ती १९६५ च्या सुरुवातीला पॉप यादीत ३१ व्या आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ९ व्या क्रमांकावर गेली. रेडिओवर ऐकणाऱ्या श्रोत्याने साक्ष ऐकली, पण तिचे मुख्य वाक्य वगळून.

म्हणून जुन्या तबकड्यांचे शोधक नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाहीत. ते आधी क्रमांक वाचतात. एलपीएम २८९९ हा त्या लाँग प्लेचा मोनो छाप आणि एलएसपी २८९९ हा स्टिरिओ छाप. मोनोत आवाज आणि वाद्ये एकाच जागेवरून येतात, स्टिरिओत ती डावी-उजवीकडे पसरतात. मग ते कडवी मोजतात. कॅसेट आणि सीडीच्या काळात जुन्या गाण्यांचे असंख्य संग्रह निघाले. कोणत्या आवृत्तीवरून नक्कल केली हे वेष्टनावर लिहिलेले असेलच असे नाही. कान हाच शेवटचा साक्षीदार.

मालकीची कथाही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६३ मध्ये ॲलन क्लाइन हे कुक यांचे व्यवहार पाहू लागले. कुक यांच्या मुलीच्या नावाने 'ट्रेसी लिमिटेड' ही कंपनी निघाली आणि नव्या ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्याकडे आले. या कंपनीची सूत्रे मात्र क्लाइन यांच्याकडे होती आणि पुढे हे हक्क त्यांच्या 'ॲबको' कंपनीकडे राहिले. २००३ मध्ये ॲबकोने मूळ लाँग प्ले पुन्हा बाजारात आणली. मालकीहक्काबाबत इतका सावध असलेल्या माणसाच्या गाण्याचे पुढे हे झाले, तर बेसावध कलावंतांचे काय झाले असेल?

ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये आणि अरीथा फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये हे गाणे आपापल्या अंगाने गायले. अशी गायने म्हणजे कापाकापी नव्हे. एकाची वेदना दुसऱ्याने स्वतःच्या गळ्यात घेणे हा चळवळीचा जिवंत प्रवाह आहे. अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००६ च्या यादीत हे गाणे घेतले. मान मिळाला, चांगले झाले. पण मान मिळाला की धार काढून घेण्याचा उद्योग सुरू होतो, हेही शोषितांना ठाऊक असले पाहिजे. महापुरुषाची तसबीर भिंतीवर राहते आणि त्याचे टोचणारे वाक्य पुस्तकातून गळते. प्रस्थापितांना आपले दुःख गोड चालीत हवे असते. त्या दुःखाचा पत्ता, दार आणि द्वारपाल मात्र नको असतात.

तेव्हा सॅम कुक यांचे हे गाणे ऐकायचे असेल तर आधी कडवी मोजा. चित्रपटगृहाचे कडवे नसेल तर ती तबकडी बाजूला ठेवा आणि पूर्ण गाणे शोधा. शोषितांच्या इतिहासाची प्रत्येक प्रत हाती घेताना हीच सवय अंगी बाणवली पाहिजे.